अग्नी दिल्यावर

हसू नका, पर परवा एका ग्रीक सिरियलनं आमच्या घराची बोलती बंद केली. त्यातला नवरा मेलेल्या बायकोला यमाच्या दारातनं परत आणतोय. अट एकच, बाहेर येईस्तवर मागं वळून बघायचं न्हाय.

आत्या टीव्हीलाच वरडाय लागली, "बघू नको रं, दोनच पावलं राहिल्यात!"

त्या बेण्यानं बघितलंच. बायको गेली.

"मुडद्या, मान आवरत न्हवती व्हय?" आत्या तापली.

आमची आई जाऊन महिनाच झालाय. वडील म्हणाले, "अक्का, हिला पंचगंगेवर नेताना तूच बजावलंस न्हवं, अग्नी दिल्यावर मागं बघू नको? मी न्हाय बघितलं. कुठं आली ती?"