अश्केनाझीच्या चौकटीत

(२००५. एडिसन, न्यू जर्सी. शोभना केहिमकरच्या स्वयंपाकघरात संध्याकाळच्या मलिद्याची, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांची, तयारी चाललीय. मदतीला शेजारच्या वसुधाताई, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, आणि शोभनाची चोवीस वर्षांची मुलगी याएल.)

वसुधा: मग मोजूनच टाकू. ओव्हरी काढायचं ऑपरेशन टळलं, हा एक फायदा. सहा आठवडे याएलच्या हातचं जेवण टळलं, हा दुसरा. मला विचारशील तर हाच मोठा.

याएल: मावशी, आय कॅन हिअर यू.

वसुधा: ऐकू यावं म्हणूनच बोलतेय. तिसरा फायदा आमचा. मलिदा खायला मिळणार.

शोभना: खरा तर राहिलाच, ताई. आई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली, ओव्हरीच्या कॅन्सरनं. फ्लोरामावशी पन्नाशीत, ब्रेस्टच्या. मला मार्चमध्ये एकोणपन्नास लागेल. दहा वर्षं वाढदिवसाला आधी मॅमोग्राम, मग केक. आमच्या प्रेषित एलियाहू हनाबीला नवस बोलले होते, जीन टेस्ट चांगली येऊ दे, तुझ्या नावानं मलिदा करीन. आली की नाही निगेटिव्ह! बघायचाय रिपोर्ट? तो काय, फ्रिजवर.

वसुधा: लोक फ्रिजवर मुलांची चित्रं लावतात.

शोभना: हिची कुठे लावण्यासारखी होती?

याएल: आई!

वसुधा: थांब, चष्मा लावते. हं... हं. शोभना, इथे ‘अश्केनाझी’ लिहिलंय.

शोभना: मग?

वसुधा: तू कधीपासून अश्केनाझी? ते पोलंड-रशियाकडचे ज्यू. तुझे वडील अलिबागच्या पोस्टात होते ना?

शोभना: अहो, फॉर्मवर तेवढीच एक चौकट होती. आमच्यासारख्यांसाठी चौकटच नव्हती. नर्सनं विचारलं, ज्युइश? म्हटलं, हो. ती म्हणाली, ओके. बस, एवढंच. ताई, वीस वर्षं झाली मला इथे. सिनेगॉगमधे दर नवी बाई विचारते, तू कन्व्हर्ट कधी झालीस? नवऱ्यासाठी का? आमच्या पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की आता मलाच बोट लागते. ही पहिली बाई, जिनं पुरावा मागितला नाही. केली मी खूण.

वसुधा: म्हणजे मान मिळतोय म्हणून तू त्यांचा आजारसुद्धा मागून घेतलास! लग्नात मानपानावरून रुसलेल्या बायका खूप पाहिल्यात मी. पण जीनमधल्या बिघाडात आम्हालाही धरा म्हणणारी तू पहिलीच.

शोभना: पण बिघाड निघाला कुठे?

वसुधा: ते पोहे खाली ठेव. बस जरा.

शोभना: असं डॉक्टरसारखं बोलू नका हं.

वसुधा: बस गं. अश्केनाझी बायकांमधे हे जीन बिघडलेलं असलं, तर बहुतेक वेळा ठरावीक तीन जागी बिघडलेलं असतं. पिढ्यानपिढ्या तेच. म्हणून लॅब आधी त्या तीनच जागा बघते. हजार पानांचं पुस्तक, त्यातली तीन पानं. तुझीही तेवढीच पाहिली.

याएल: अँड द रेस्ट?

वसुधा: कुणी उघडलेलीच नाहीत.

शोभना: निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, ताई.

वसुधा: पोलंडकडच्या बाईला यानं बराच धीर आला असता. तुला यातून काहीच कळत नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही.

शोभना: मी ऑपरेशन कॅन्सल केलंय.

वसुधा: माहीत आहे.

शोभना: वीस माणसं येतायत. आणि वर एलियाहू हनाबीला काय सांगू? चुकीच्या फॉर्मवर नवस फेडला?

वसुधा: मलिदा कर की. आभाराचा नको, मागण्याचा कर. चालतो ना तुमच्यात?

शोभना: चालतो. पण हिला आत्ता कळायला नको होतं हो. हिला काही सांगितलंच नव्हतं मी.

याएल: आय नो, आई. तुझ्यात असेल तर माझ्यात असायचे चान्सेस फिफ्टी-फिफ्टी. मला दोन वर्षांपासून माहितीये.

शोभना: दोन वर्षं? आणि बोलली नाहीस?

याएल: तू पण बोलत नव्हतीस. सो.

वसुधा: छान. मायलेकी एकमेकींना जपत बसल्या, आणि लॅबला कुणी दोन प्रश्न विचारले नाहीत. ऐका, नीट करायचं तर आधी तुझ्या बहिणीचं, सुवर्णाचं रक्त तपासायला हवं. तिला आजार झालाच आहे. बिघाड तिच्यात सापडला, तर तुझ्यात नेमकं कुठे बघायचं ते कळेल.

शोभना: ती तिकडे इस्राएलला, अश्दोदमधे किमो घेतेय. रिपोर्ट आल्यापासून मी फोन केला नाही तिला. मी सुटले, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

वसुधा: मग आता कर. सुटलेली नाहीस.

शोभना: वा! काय समाधान केलंत.

वसुधा: तिला सावकाश कर. आधी क्लिनिकला लाव. सर्जननं तुमच्या घराचा इतिहास बघून ऑपरेशन सांगितलं होतं, या कागदावरून नव्हे. तारीख परत माग. पाचला बंद होतं ना? पावणेपाच झालेत.

शोभना: काय सांगू त्यांना?

वसुधा: खरं ते. अश्केनाझी नाही म्हणून.

शोभना: ते तोंडातून निघत नाही हो. इतक्या वर्षांत एकदाच कुणी...

वसुधा: ज्यू नाही असं कुठे म्हणायचंय? अलिबागची ज्यू म्हण. लिहून घेतील. नाही घेतलं तर मला दे फोन.

शोभना: याएल, डायल कर गं, माझे हात ओले आहेत. ...हॅलो? शोभना केहिमकर. के, ई, एच... येस. आय कॅन्सल्ड माय सर्जरी. आय वाँट इट बॅक. अँड द जीन टेस्ट, राँग बॉक्स. नो, नॉट अश्केनाझी. बेने इस्राएल. फ्रॉम इंडिया. ...नो मॅडम, नोबडी कन्व्हर्टेड. ...येस, आय विल होल्ड.

वसुधा: काय म्हणतात?

शोभना: म्युझिक लावलंय. ...ताई, आईचा जीव गेला. फ्लोरामावशीचा गेला. सुवर्णाचे केस गेले, पुढचं माहीत नाही. त्या मानानं माझं काय, एक ऑपरेशन.

याएल: अँड मी, आई? मी पण ब्लड देऊन टाकू?

शोभना: नको. तुझ्याआधी मी आहे ना.