माझ्या रक्ताच्या चार नळ्या

नाव : वहीत आधीच लिहून घेतलेले. कामावर मला भिंगरी म्हणतात, कारण एका जागी बसवत नाही. वय २३. शिक्षण चौथी. धंदा : कारखान्यांचे मोठे पंखे जोडणे. राहणार : कामगारांच्या खोल्या, दुसरा मजला. घर इथून दोन दिवसांच्या प्रवासावर.

पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगतो की, चार महिन्यांपूर्वी कामावर साखळीचा हूक लागून माझा खालचा जबडा डावीकडे फुटला. आत पू होऊन हाडाला करंगळीचं टोक जाईल एवढा खड्डा पडला. डॉक्टर बाईंनी सांगितले की, तुझंच रक्त यंत्रात फिरवू, तांबडं खाली बसतं, वर पिवळा जेलीसारखा गोळा धरतो. त्यात प्लेटलेट असतात. तो खड्ड्यात ठेवला की हाड भरायला मदत होते. मात्र रक्त काढल्याबरोबर फिरवायचे, नाहीतर नळीतच गोठून वाया. मागच्या वेळी लॅबवाल्याने रक्त काढून तसेच ठेवून दिले होते. खड्डा भरला नाही. बाई म्हणाल्या, आताही नाही भरला तर घास चावताना जबडा मोडेल.

आज सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी दवाखान्यात बाईंनी तोंड बधिर केले. मग लॅबवाल्याने हातातून चार नळ्या रक्त काढले. फोन त्याच्या कानालाच होता. चारही नळ्या त्याने यंत्रात शेजारी शेजारी घातल्या आणि बटण दाबले. सगळे वजन एकाच बाजूला पडल्याने यंत्र थरथरत टेबलाच्या कडेकडे निघाले. मी ते बंद केले. त्याने माझा हात धरला.

"ए, हा तुझ्या कारखान्यातला पंखा नाही."

"फिरतं ते सगळं एकाच जातीचं, सर. दोन इकडे घाला, दोन समोर."

तोंड बधिर असल्याने हे दोनदा सांगावे लागले. शिवी दिल्याचे लॅबवाल्याच्या तक्रारीत आहे ते खोटे आहे. दिली असती तर तीही दोनदा द्यावी लागली असती.

खांद्याला ढकलले, हे खरे आहे. तो चाकांच्या स्टुलावर बसला आणि मागे कपाटापर्यंत गेला. काही फुटले नाही. मी नळ्या समोरासमोर लावून यंत्र चालू केले आणि ते थांबेपर्यंत पुढे उभा राहिलो. कुणाला जवळ येऊ दिले नाही.

बाई आल्या. त्यांनी चिमट्याने गोळा उचलून पाहिला. मला म्हणाल्या, "चल, बस खुर्चीत." गोळा आत ठेवून चार टाके घातले.

आमचा मुकादम इथे येऊन गेला. माफी लिहून दे, नाहीतर परतीचं तिकीट काढतो, म्हणाला. काढू दे. घरी कळवायचे का, असे साहेबांनी विचारले. नको. आईला दात काढला एवढेच माहीत आहे.

'रागाच्या भरात चूक झाली' एवढे लिहू, मिटून जाईल, असे साहेबांनी सुचवले. त्यास नकार आहे. पुन्हा तशा नळ्या लावल्या तर पुन्हा ढकलीन.

हे सर्व मला मोठ्याने वाचून दाखवले. एके ठिकाणी 'चूक' हा शब्द घातलेला होता, तो माझ्यासमोर खोडला. बाकी मी सांगितले तसेच आहे. अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली होती, ती परत केली. मला सही येते.