आभाळ फाकलं की येईल

मपलं नाव शेवंता. माहेर रेणापूरकडलं, दिलं हितं कंधारच्या माळावरल्या वाडीत, आन् वाडी कशी तर फोन लावायचा म्हणलं की टेकडी चढा. नवरा गेला तवा पोरगी, सुजाता, दुसरीत होती. रोजानं खुरपून खुरपून बारावी केली तिची. नर्सिंगचा फारम भरला, मार्कं चांगले, नंबर लागला की मोबाईलवर कळणार, म्हणून पोरगी रोज सांजच्याला टेकडीवर बघाया जायची.

तेवढ्यात एक माणूस आला, म्हणला आभाळातून नेट येतंय, छत्री बसवा. आम्ही वर्गणी केली, जयंतीला करतो तशी, घरटी. म्या कानातलं मोडलं, खोटं कशाला बोलू. विहारावर छत्री बसली आन् काय सांगू ताई तुम्हाला, सगळी पोरं विहाराच्या पायरीवरच, टेकडीची वाट गवतानं बुजून गेली.

महिन्यानं झड लागली आन् नेट बंद. आमच्या घरावर टीव्हीची छत्री हाय, फुकटवाली, एकदा बसवली की जन्माची. आभाळ आलं की चित्र जातंय, उघडलं की येतंय. आम्हाला वाटलं ही बी तसलीच. सुजाता म्हणली आई, टेकडीवर जाऊन बघते. म्या म्हणलं निसरडं हाय, पाय मोडून घेशील, आभाळ फाकलं की येईल की. म्याच म्हणलं. चार दिस बसवून ठेवली.

पाचव्या दिशी ऊन पडलं, छत्री मुकीच. पोरगी टेकडीवर पळाली. माघारी आली तर रडत बी न्हवती. म्हणली नंबर लागला होता आई, लातूरला, सरकारी, कालपर्यंत हजर व्हायचं होतं. मग त्या माणसाला फोन लावला, तर तो म्हणतो महिना संपला, दर महिन्याला भरावं लागतंय, सांगितलं होतं की. सांगितलं असंल बी, आम्ही छत्रीकडंच बघून राहिलो होतो. आन् दर महिन्याला कुठून भरावं, तेवढ्यात आमचा किराणा भागतो.

आता सुजाता मपल्या संगं सोयाबीन खुरपाया येती. मला एका शब्दानं बोलली न्हाई. बोलली असती तर बरं झालं असतं. परवा आभाळ भरून आलं, तर खुरपणीची पात धरल्या-धरल्या म्हणली, आई, पुढल्या साली परत फारम भरते, टेकडी रोज चढणार, पाऊस असो का काय.

म्या म्हणलं चढ माय. मपलं ऐकू नको.