समीरचा फोरम

आमच्या समीरची अक्कल ऐका. तलावाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारं आमचं सॉफ्टवेअर फुकट होतं, कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. सगळं बोलणं मोबाइलच्या ग्रुपवर चालायचं. समीर आपणहून व्यवस्थापक झाला आणि म्हणाला, "ओपन सोर्सवाले ग्रुपवर बोलत नाहीत. वेबसाइटवर चर्चेचा फोरम पाहिजे." फोरम काढला, ग्रुप बंद केला.

मग सॉफ्टवेअरच्या नव्या बदलात पाळ्या उलटल्या. अर्जुनी मोरगावच्या वनिताबाईंचं पाणी शेजाऱ्याच्या धानाच्या बांधीत चाललं. त्यांनी समीरला फोन केला, तर हा म्हणतो, "फोनवर नाही मावशी, फोरमवर टाका." त्यांनी टाकलं. फोरम म्हणाला, मंजुरीची वाट पाहा. मंजुरी देणारा हाच, आणि हा बसला होता फोरमचा रंग निवडत!

दुसऱ्या दिवशी बाई एसट्या बदलत तिरोड्याला, थेट त्याच्या दारात. मी तिथंच होतो.

"काऊन गा, माहा धान वाळून राहिला, न तू रंग कायले पाहून राहिला?"

"मावशी, फोरमवर लिहायचं होतं ना..."

"लिवलं ना बाप्पा! तूच वाचून नाही राहिला."

मी पाळ्या दुरुस्त केल्या. बाई गेल्या, तसा समीर गंभीरपणे म्हणाला, "लोक असे घरी येतात. यासाठी वेगळा फोरम काढावा लागेल."