तीन मिनिटांचा नियम

बसा, बसा. मागे खुर्च्या आहेत. अल नहदाच्या याच हॉलमध्ये आपण गणपतीच्या मीटिंगला तावातावाने भांडतो, आणि आज इथेच श्रीकांतच्या शोकसभेला जमलोय. बोलणं जड जातंय. पण 'श्रीकांत देवमाणूस होता' एवढं बोलून मी खाली बसणार नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना तो आवडत नव्हता. मलाही नव्हता.

त्याचा तो जुना वेस्टर्न सिनेमा आठवतो ना? घरदार गाड्यांत भरून नव्या मुलखात निघालेली माणसं, बैल, धूळ. कितीदा दाखवला त्याने! आपण वहिनींच्या भज्यांसाठी जायचो, खरं सांगतो. त्यात एकाला ताप भरतो. तांड्याचा म्होरक्या त्याला झाडाखाली ठेवून पुढे निघतो. बायको ओरडत राहते. नेमका तिथे श्रीकांत पॉज करायचा. म्हणायचा, "बघा, याला म्हणतात लीडर! एकासाठी थांबला असता तर सगळे खलास!"

आणि हेच त्याने आमच्या कार-पूलला लावलं. पहाटे साडेपाचला टॉवरखाली. तीन मिनिटं थांबायचं, मग यल्ला, चला, अबुधाबीला ऑफिसला. फोन आला तरी उचलायचा नाही, कारण उचलला की माणूस 'आलोच' म्हणतो. कुलकर्णीची पोरगी तापाने फणफणली होती, त्याला उशीर झाला. धावत येणाऱ्या कुलकर्णीला श्रीकांतने माझ्या गाडीतून टाटा केला. टाटा! आणि आम्ही निघालो. गाडी मीच चालवत होतो.

जुलैमध्ये वहिनी आणि त्यांची लेक सई पुण्याला गेल्या. जुलैत इथल्या शाळांना सुट्टी, आपली सगळ्यांचीच घरं रिकामी. त्या मंगळवारी श्रीकांत खाली आला नाही. तीन मिनिटं झाली. गाडीत आम्ही तिघे, आणि काय खूश होतो म्हणून सांगू! किती वाट बघितली होती या दिवसाची. मी गाडी काढली. पहिल्याच सिग्नलला त्याचा फोन आला. मी म्हटलं, "सरांचा नियम सरांनाच!" आणि फोन पालथा घातला. तो पुन्हा वाजला, तेव्हा तर हसून हसून पोट दुखलं आमचं.

संध्याकाळी वॉचमनने दार उघडलं. श्रीकांत दाराशीच पडला होता, एका पायात बूट. डॉक्टर म्हणाले, "सकाळीच आणलं असतं तर..."

वहिनी, तुम्ही पुण्याहून मला विचारलंत, "भावजी, त्यांनी कुणालाच फोन नाही केला का हो?" मी म्हटलं, "नाही हो वहिनी, वेळच मिळाला नसेल." खोटं बोललो मी. त्याने दोनदा फोन केला. मला केला. आज ना उद्या सई त्याचा मोबाइल उघडेल, तिला दिसेलच. म्हणून आज तोंड उघडलं. इतका भित्रा आहे मी.

चला, उभे राहू या. श्रीकांतसाठी थोडा वेळ गप्प राहू या. वहिनी, तुम्हाला मात्र गप्प राहायची गरज नाही. काय बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला. मी इथेच उभा आहे.