टायरवर चुन्याची रेघ

आमच्या पिकअपच्या टायरांचं ऐका. अर्नाळ्याहून रोज म्हावरं, ताजी मासळी, भरून बाजारात जाते ती. मागचे टायर मधोमध घासून गुळगुळीत झाले, कडा मात्र नव्या. नवे टायर घातले तसं मी मुलाला म्हटलं, "हवा जास्त भरतोस, बाबू. हेपन तसेच जातील."

"आये, माल जड असतो."

सून म्हणाली, "टायरवर आडवी रेघ मारून बघू. जिथं जास्त घासेल तिथली पुसेल."

खडू नव्हता, म्हणून मी पानाच्या डबीतला चुना दिला. भरलेली गाडी देवळापर्यंत जाऊन आली. रेघ अख्खी गायब. मुलगा नाचायलाच लागला, "बघ, हवा बरोबर हाय."

मी वाकून बघितलं. "अरे, बर्फाचं पानी गळतंय टायरवर. रेघ धुतली गेली."

मग म्हावऱ्याच्या पेट्यांखाली ताडपत्री घातली, टायर पुसले, परत रेघ मारली. आता फेरी मारून आल्यावर रेघ फक्त मधे पुसलेली, म्हणजे हवा जास्तच. मुलानं थोडी हवा सोडून पुन्हा फेरी मारली, आणि रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली. मी तर अशी ओरडले की शेजारीण धावत आली.

मुलगा म्हणाला, "आये, आता पुढचे टायर बघू."

मी रिकामी डबी त्याच्या हातात दिली. "आधी चुना आन. सकाळपासून पान नाय खाल्लं मी."