काळ्या पडद्यावरची पत्रिका

(बालाघाट, सन २००२चा उन्हाळा. पुढच्या खोलीत टेबलावर नवा कॉम्प्युटर. खाली सतरंजीवर जुना, झाकण काढलेला.)

अपूर्वा : आई, फ्लॉपीले हळद कशी काय लागली?

चारुलता : माह्याच हाताची असंल. त्याच हातानं सयपाक केला अन् त्याच हातानं पत्रिका जुळवल्या. तवा तर या डबड्यानं कधी तोंड वाकडं नाई केलं.

अपूर्वा : आता केलंय ना. पहिली फ्लॉपी घेतली, दुसरी घेतली, तिसरीवर येऊन मेलं. रिट्राय दाबलं की घर्र घर्र, और फिर वही. एरर.

नंदकिशोर : एकूण फ्लॉप्या किती असतात?

अपूर्वा : डॉसच्या तीन, बाबा.

नंदकिशोर : म्हणजे दोन-तृतीयांश काम पूर्ण झालेलं आहे.

अपूर्वा : असं नसतं ना यार, बाबा! हा काही तुमच्या पाटबंधारे खात्याचा कालवा नाही, जेवढा खोदला तेवढं पाणी. तिन्ही गेल्या तर चालतो, नाहीतर नुसता पत्रा.

चारुलता : मी म्हणतो, टेबलावर नवाकोरा ठेवला आहे, त्याच्यावर काहून नाई चालत माहा जुना प्रोग्राम?

अपूर्वा : शंभरदा सांगितलं, आई. नव्यामध्ये एक्सपी आहे. तुझा प्रोग्राम जुन्या डॉस सिस्टिमचा आहे. नव्यावर टाकला की काळी खिडकी उघडते अन् फट्कन बंद होते.

चारुलता : मंग देवाचीच इच्छा समज. नव्यावर जे निंगालं तेच खरं. साडेनऊ गुण, अन् वरून नाडी एक. विषय संपला.

अपूर्वा : नाही संपला! परवा तूच म्हणालीस, नव्या प्रोग्रामवर मन बसत नाही, माझ्या जुन्यानं हो म्हटलं तर संकेतच्या घरी मी स्वतः हो कळवीन. बाबा होते तिथे.

नंदकिशोर : होतो. असं विधान झालं होतं.

चारुलता : तुम्ही साक्ष देऊन राह्यले का आता? म्हटलं असंल. मले काय माहीत, ही खरंच माळ्यावरून त्याले खाली उतरवंल! तीन वर्सं झाले त्याले बंद पडून. आत झुरळं निंगाले.

अपूर्वा : ते मी काढले. हात धुतले. आता ही तिसरी फ्लॉपी पाहिजे. बाबा, बसस्टँडजवळ धर्मेंद्रचं सायबर कॅफे आहे ना? त्याच्याकडे डॉसचा जुना सेट आहे. मी सकाळी फोन केला होता. फक्त तिसरी आणा.

नंदकिशोर : भर दुपारी?

अपूर्वा : संध्याकाळी संकेतच्या आईचा फोन येणार आहे. त्यांनी गोंदियाची एक मुलगी थांबवून ठेवली आहे. आज उत्तर नाही दिलं तर ते तिकडे हो म्हणतील. मग आणा तुम्ही फ्लॉपी उद्या, आरामात.

नंदकिशोर : जातो. चारू, माझा पंचा कुठं आहे?

चारुलता : खांद्यावर.

अपूर्वा : आणि बाबा, खिशात नका ठेवू, घाम लागेल. डब्यात ठेवा.

चारुलता : गेले. आता उन्हात माणूस धाडला तुह्या त्या संकेतपायी.

अपूर्वा : माझा संकेत? तूच आणलंस ते स्थळ! उकव्याच्या खाणीत सर्व्हेअर, मुलगा सरळ, आई शांत. कोण म्हणत होतं?

चारुलता : पत्रिका यायच्या आधी म्हणत होतो.

अपूर्वा : मग पत्रिका आधी मागायची, अन् मुलाला नंतर घरी बोलवायचं! दोनदा चहाला बोलावलंस. मग म्हणतेस विसर.

चारुलता : हौ, चुकलं. पण आता मी काय करू? खैरलांजीपासून बैहरपर्यंत मराठी घरायचे लोक माह्याकडं येतेत पत्रिका घेऊन. त्यायले मी सांगतो, नाडी एक आहे, देऊ नका पोरगी. अन् माह्याच घरात साडेनऊ गुणांवर अक्षता टाकू?

अपूर्वा : काकांच्या नूतनताईचे किती होते?

चारुलता : तिचं कायले काढतेस?

अपूर्वा : एकतीस होते. याच मशीनवर. पेढे वाटले होतेस तू. दोन वर्षांत लांजीच्या सासरहून पेटी घेऊन परत आली ती.

चारुलता : त्याची दारू पत्रिकेत कुठं दिसते?

अपूर्वा : तेच म्हणते मी! कुठे दिसते? ... अरे! गेली! गेली लाइट!

चारुलता : जाईलच. दुपारची जातेच ना रोज.

अपूर्वा : आई, सगळं गेलं. याच्या आतली बॅटरी मेलेली आहे. लाइट गेली की याला हार्ड डिस्क आहे हेच आठवत नाही. तारीख पण सन ऐंशीची दाखवतो. मी परत डिस्कचे सगळे आकडे भरू? मी आता हे उचलून विहिरीत टाकते. खरंच टाकते.

चारुलता : बस खाली. पाणी पी. पंखा बंद आहे, दार उघडतो थोडं.

अपूर्वा : नको उघडू, लूची झळ येते.

चारुलता : मंग बस तशीच. एक विचारू? खरं सांगशील?

अपूर्वा : विचार.

चारुलता : तू तर हे काई मानत नाई. तुले कॉम्प्युटर शिकवाची नोकरी आहे, आपल्या पायावर उभी आहे. मंग दोन दिवसांपासून त्या डबड्यापुढं डोकं काहून फोडून राह्यली? सरळ म्हण ना, आई, मी करून राह्यलो लग्न, तुले काय कराचं ते कर.

अपूर्वा : म्हणू शकते.

चारुलता : मंग?

अपूर्वा : मग तू लग्नात येशील, हळदीला बसशील, सगळं करशील. अन् माझं डोकं जरी दुखलं तरी उकव्याला फोन करून विचारशील, बरी आहेस ना. जन्मभर. तू अशी घाबरलेली मला नको आहे, आई. तू मानतेस ना त्याला, मग त्याच्या तोंडून वदवून घेते.

चारुलता : अन् त्यानं नाईच म्हटलं तर?

अपूर्वा : तर नाही. इथेच राहते. तुझ्या वधू-वर मंडळाच्या फायली लावते.

चारुलता : असं कोणी करते का, बाप्पा!

अपूर्वा : पळून जायचं असतं तर बसच्या तिकिटाला दोन रुपये कमी पडले असते का मला?

चारुलता : त्या पोरात असं आहे तरी काय?

अपूर्वा : काही नाही. केस पण कमी आहेत. मी दिवसभर कशी चिडत असते, तुला माहीत आहे. पोरांवर, कंडक्टरवर, तुझ्यावर. त्याच्यासमोर बसले की चिडायचं आठवतच नाही. बस. इतनाही है.

चारुलता : मले भीती वाटते, पोरी. लोकायचं सोड. उद्या काई झालं तर मीच म्हणीन ना, माहीत होतं, तरी देल्ली.

अपूर्वा : माहीत आहे मला. म्हणून तर बसले आहे ना इथे घाम गाळत.

नंदकिशोर : घ्या. तिसरी फ्लॉपी. धर्मेंद्र म्हणाला, परत नाही आणली तरी चालेल. आणि गल्लीतली लाइट आली आहे.

अपूर्वा : आली! थांबा, कोणी हात लावू नका. कोणी बोलू पण नका. पहिली... दुसरी... बाबा, द्या ती.

नंदकिशोर : घाम लागू दिला नाही.

अपूर्वा : घर्र नाही करत आहे. आई, वाचतोय! वाचतोय तो! ... झालं. सी आलं. सी, कोलन, बाण. डॉस बसला!

चारुलता : हेच यायचं आधी. काळ्यावर पांढरं. माहा प्रोग्राम टाक आता.

अपूर्वा : टाकते. तू माझी वेळ सांग.

चारुलता : पहाटे चार चाळीस. नर्सबाईनं भिंतीवरचं घड्याळ पाहून सांगतलं होतं. संकेतची त्याच्या कागदावर आहे. मी भाजी खाली उतरवून येतो, जळून राह्यली.

नंदकिशोर : मी पाय धुवून येतो. तापलेत.

चारुलता : अपूर्वा, काय आलं वो?

चारुलता : अपूर्वा? भाजी उतरवली मी. काय आलं?

अपूर्वा : काही नाही. अडकलं होतं. परत टाकते आहे.

चारुलता : परत कायले? एकदा दाबलं की येते ते.

अपूर्वा : जुनं आहे ना. परत टाकते.

नंदकिशोर : पाहू दे. अरे वा! साडेतेवीस! नाडी भिन्न! चारू, अगं ये बाहेर. साडेतेवीस गुण!

चारुलता : कितीक?

नंदकिशोर : साडेतेवीस. डोळ्यांनी पाहा. पण हे काय... मुलीचं नक्षत्र पूर्वा फाल्गुनी लिहिलं आहे. हिची तर मघा ना? आपण रासनाव मेघना ठेवलं होतं, मघाच्या शेवटच्या चरणावरून.

अपूर्वा : बाबा, प्रोग्राम जुना आहे. काहीतरी काढत असेल.

नंदकिशोर : आणि वेळ पाहा. सहा वाजून दहा मिनिटं. तू चार चाळीस सांगितलीस ना?

चारुलता : सरकून बस, पोरी. चष्मा लावू दे मले.

अपूर्वा : आई, मी...

चारुलता : तू चूप राह्य.

नंदकिशोर : चुकलं असेल तर दुरुस्त करून घ्या. पुन्हा लाइट गेली तर पंचाईत.

चारुलता : काई चुकलं नाई. प्रिंट काढ, अपूर्वा. त्याच्या मायचा फोन आला की मी बोलतो पहिले.

नंदकिशोर : पण चारू, चार चाळीस...

चारुलता : बाळंतीण मी होतो का तुम्ही? सहा दहाच झाले होते. खिडकीत चांगलं उजाडलं होतं.